सल्ला : हाडं पाठ झाली, शरीर कळेना

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका १९ वर्षांची. गाव हिंगोली जिल्ह्यात, घरी हळद आणि सोयाबीन. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमात. यंदा लातूरला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. हळदीच्या पट्टीचे पैसे सगळे फीमध्ये गेले. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या (शरीररचना आणि शरीरक्रिया) पहिल्या चाचणीत ५० पैकी ११ गुण पडले. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून वह्या भरल्या, २०६ हाडांची यादी पाठ केली, तरी "डोक्यात काहीच बसंना". खोलीतली मैत्रीण नीटची तयारी करते, तिला सगळी नावं तोंडपाठ आहेत. भाऊ म्हणतो इंग्रजी बोलण्याचा क्लास लाव. चुलते म्हणतात सोडून दे, बी.ए. कर. पत्राच्या तळाशी एक ओळ : "आजकाल जिना चढला तरी धाप लागते, पुस्तक उघडलं की झोप येते." प्रश्न असा की सायन्स न घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलीला हा विषय जमतो का, की वेळेत बाहेर पडावं?

उत्तर :

तळाशी सहज लिहिलेल्या त्या ओळीपासूनच सुरुवात करू. तिला आळस म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे, याच आठवड्यात. तुमच्या कॉलेजला जोडलेला दवाखाना आहे, तिथेच होईल. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात; ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र. आता हे आकडे जरा उलगडून बघ. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. म्हणजे १४ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्त जवळपास १९ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं आणि ९ ग्रॅम असेल तर फक्त १२. फुप्फुसं ठणठणीत, हृदय ठणठणीत, माल वाहणाऱ्या गाड्याच कमी. मग हृदय फेऱ्या वाढवतं, म्हणून दोन जिने चढले की धडधडतं. मेंदूला खुराक बेताचाच मिळतो, म्हणून पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तशी आणि तितके दिवस घे. गोळीने शौच काळसर होतं, त्याला घाबरू नकोस. जेवल्याबरोबर चहा नको, तासभर तरी जाऊ दे, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जेवणात लिंबू पिळलं तर उलट जास्त शोषलं जातं. पाळीत रक्त फार जात असेल तर तेही संकोच न करता सांग. नुसती गोळी घेत राहिलीस आणि गळती तशीच राहिली तर आकडा वर येणार नाही.

आणि हो, एवढं वाचताना तू रक्ताच्या धड्याचं एक पान समजून घेतलंस. एकही यादी पाठ न करता.

आता तुझ्या प्रश्नाकडे. त्यात तू तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेस : अडचण इंग्रजीची आहे, हा विषय पाठांतराचा आहे आणि सायन्सवाल्यांना तो आधीच येतो. तिन्ही मला थोड्या-थोड्या चुकीच्या वाटतात.

इंग्रजीचं आधी. तुझ्या पुस्तकातली अवघड नावं मुळात इंग्रजी नाहीतच. ती लॅटिन आणि ग्रीक. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीलाही 'पटेला' हा शब्द पहिल्यांदा ऐकताना तुझ्याइतकाच परका असतो. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटी ताटली, वाटी. आपण त्या हाडाला काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. हृदयाच्या वरच्या कप्प्याला 'एट्रियम' म्हणतात. रोमन घरातला तो दर्शनी चौक. मराठी पुस्तकात त्याला 'अलिंद' म्हणतात आणि अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी. आलेला माणूस आधी ओसरीवर टेकतो, मग आत जातो. रक्त तेच करतं : आधी अलिंद, मग निलय, म्हणजे खालचा कप्पा. हे एकदा दिसलं की कुठला कप्पा घेणारा आणि कुठला पुढे ढकलणारा, याची गल्लत होत नाही. काही शब्द तर आपल्याच भावकीतले आहेत. दंत आणि डेंटल, नासा आणि नेझल, जानू (गुडघा) आणि जेनू, अस्थी आणि ऑस्टिऑन, नाभी आणि अंबिलिकस. फार जुन्या काळी एकाच मुळातून फुटलेल्या या फांद्या.

म्हणून इंग्रजी बोलण्याच्या क्लासवर आत्ता पैसे घालू नकोस. तिथे 'हाऊ आर यू' शिकवतील, 'हेपॅटोमेगॅली' नाही. त्याऐवजी चाळीस-पन्नास तुकडे शिक. शेवटी 'आयटिस' आलं की दाह किंवा सूज, 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं, 'ऑटमी' म्हणजे नुसतं कापून उघडणं, 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर तोंड काढून ठेवणं. सुरुवातीला 'हेपॅट' यकृत, 'नेफ्र' मूत्रपिंड, 'गॅस्ट्र' जठर, 'मायो' स्नायू, 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद. या दहा तुकड्यांतून निदान पंचवीस शब्द उलगडतात. वहीत तीन रकाने आख : घरचा शब्द, पुस्तकी मराठी शब्द, परीक्षेतला शब्द. माकडहाड, अनुत्रिक, कॉक्सिक्स. फरा, अंसफलक, स्कॅप्युला. पानथरी, प्लीहा, स्प्लीन. तिसऱ्या रकान्यातलं स्पेलिंग मात्र रोज लिहूनच गिरव; तिथे पाठांतराला पर्याय नाही आणि मी तसं भासवणारही नाही.

पण खरी गफलत पहिल्या रकान्यात आहे. घरचे शब्द आपल्याला येतात असं आपण धरून चालतो, आणि तेच आपल्याला फसवतात. 'काळीज' घे. काळीज धडधडतं म्हणतो तेव्हा ते हृदय, मटणाच्या दुकानात मागतो तेव्हा ते यकृत. 'टाळू' तोंडातली पण असते आणि बाळाच्या डोक्यावरची पण. या सगळ्यांत वस्ताद शब्द म्हणजे 'नस'. नसेत सुई घातली म्हणतो तेव्हा ती नीला, म्हणजे व्हेन. कमरेत नस दबली म्हणतो तेव्हा चेता, म्हणजे नर्व्ह. टाचेमागची नस तुटली म्हणतो तेव्हा कंडरा, म्हणजे टेंडन. आणि वैद्य नस धरतो तेव्हा रोहिणी, म्हणजे आर्टरी. चार वेगळ्या वस्तू, शब्द एक. तू वहीत या चौघींच्या व्याख्या लिहिल्यास आणि डोक्यात मात्र 'नस' एकच राहिली, तर व्याख्या टिकणार कुठे?

म्हणून आज रात्री पुस्तक मिट आणि स्वतःचा डावा कोपर उघड. हात टेबलावर, तळवा वर. कोपर किंचित वाकव आणि दंड आवळ. कोपराच्या घडीच्या मधोमध एक ताठ दोरीसारखं काहीतरी बोटाला लागेल. ती दंडाच्या बायसेप्स स्नायूची कंडरा. ती स्नायू हाडाला बांधते. तिच्यात रक्त वाहत नाही की संदेश जात नाही. आता दंड सैल सोड आणि त्या दोरीच्या आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, दोन बोटं जरा खोल दाब. ठोका लागेल. ती ब्रेकियल आर्टरी. रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप ठेवायचा तो इथेच, कंडरेवर नाही. कंडरेवर ठेवणाऱ्या मुली "मॅडम, आवाजच येत नाही" म्हणत बसतात. ठोक्याच्याही आतल्या अंगाला मीडियन नर्व्ह आहे. ती बोटाला सहज लागत नाही, पण ती तिथेच आहे हे ध्यानात ठेव. बाहेरून आत क्रम असा : टेंडन, आर्टरी, नर्व्ह. या तिघींच्याही वर, कातडीलगत, निळसर दिसते ती मीडियन क्युबिटल व्हेन. रक्त काढायला हीच घेतात. हिच्या आणि खालच्या आर्टरी-नर्व्हच्या मध्ये बायसेप्सचाच एक चिवट पडदा आडवा पसरलेला असतो. त्याचा आधार आहे म्हणून इथे सुई टोचणं बऱ्यापैकी सुरक्षित.

बऱ्यापैकी म्हटलं, पुरतं नाही. सुई फार खोल किंवा फार आत गेली आणि रुग्ण म्हणाला, बोटांत करंट गेल्यासारखं झालं, तर सुई नर्व्हला लागली आहे. तिथेच चाचपडत बसायचं नाही, लगेच काढायची. लालभडक रक्त ठोक्यासरशी उसळून आलं तर ती आर्टरी. सुई काढून निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही आणि ताबडतोब सिस्टरला सांगायचं. कुल्ल्यात इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा चतकोरच का निवडायचा, यालाही कारण हेच. बोटाएवढी जाड सायटिक नर्व्ह आतल्या-खालच्या बाजूने जाते. तिला सुई लागली तर पाऊल लुळं पडू शकतं, चालताना चवडा जमिनीला घासतो. तुझ्या खोलीतली मैत्रीण ही नावं तुझ्यापेक्षा भराभर सांगेल. पण तिला चार पर्यायांतून एक निवडायचा आहे आणि तुला माणसाच्या हातात सुई घालायची आहे. लातूर पॅटर्नमधली तिची तयारी तिच्या परीक्षेसाठी बरोबर आहे. तुझं माप वेगळं. सायन्सच्या मुलींना दोन-तीन महिन्यांची आघाडी असते, नाही असं नाही. वॉर्डची ड्युटी सुरू झाली की ती फारशी उरत नाही.

कोपराचं झालं की हाताच्या खालच्या भागावर आणखी एक गोष्ट करून बघ. ही जवळजवळ चारशे वर्षं जुनी आहे. तोवर युरोपात असं मानत की यकृत अन्नापासून सतत नवं रक्त बनवतं आणि अवयव ते वापरून संपवतात. इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात साधा हिशेब मांडला : हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर फेकतं, तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं. मग ते रोज नवं बनणार कुठून? तेच रक्त फिरून परत येत असणार. आजच्या आकड्यांनी तूच कर : एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे ५ लिटरच्या आसपास. अंगात एकूण रक्तही साधारण तितकंच. म्हणजे तू शांत बसलेली असताना सगळं रक्त मिनिटात एक फेरी मारतं.

परत येतं हे दाखवायला हार्वेने हाताच्या नीला वापरल्या. दंडाला ओढणी बांध, बेताने. मनगटाचा ठोका लागत राहिला पाहिजे. मिनिटभरात हाताच्या नीला फुगतील आणि त्यांवर मधेमधे गाठीसारखे फुगवटे दिसतील. त्या झडपा. एका फुगलेल्या नीलेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेव. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, पुढच्या गाठीच्या पलीकडेपर्यंत, रक्त निपटून ने आणि ते बोट उचल. मधला तुकडा रिकामाच राहील. वरचं रक्त झडपेमुळे खाली येत नाही. आता मनगटाकडचं बोट उचल. नीला खालून भरून येईल. ओढणी दोन मिनिटांच्या आत सोड. नीलेत रक्त एकाच दिशेने जातं, हे वाक्य तुला आता पाठ करावं लागेल का?

याच धड्यात एक जुनी चूक दबा धरून बसलेली असते. शाळेत शिकवतात : रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध. मग परीक्षेत पल्मोनरी आर्टरी येते आणि सगळं कोसळतं. व्याख्या दिशेवरून करायची : हृदयाकडून निघणारी ती आर्टरी, हृदयाकडे येणारी ती व्हेन. आत काय आहे हा पुढचा प्रश्न. पल्मोनरी आर्टरी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते म्हणून ती आर्टरी, आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. शिवाय 'अशुद्ध' हा शब्दच काढून टाक. शांत बसलेल्या माणसाच्या परतीच्या रक्तातही हिमोग्लोबिनच्या सुमारे ७५ टक्के जागा ऑक्सिजनने भरलेल्याच असतात. तीन चतुर्थांश भरलेल्या डब्याला रिकामा म्हणायचं कसं?

हृदयाच्या आकृतीत आणखी एक गुण हमखास जातो. आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाची असते. त्याची उजवी बाजू तुझ्या कागदावर डावीकडे येते. माणूस ताठ उभा, तळवे पुढे, अंगठे बाहेर : ही शारीर स्थिती. रुग्ण पालथा असो की कुशीवर, डावं-उजवं, आतलं-बाहेरचं सगळं या स्थितीवरूनच बोलायचं. प्रत्येक आकृती काढण्याआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'उजवा' आणि 'डावा' बारीक पेन्सिलीने लिही.

२०६ हाडांचं तर मला थोडं हसूही आलं आणि वाईटही वाटलं. यादी अशी सरळ पाठ करायची नसते ग. मोजणी कशी बसते ती बघ. एका हातात, म्हणजे मनगट, तळवा आणि बोटं मिळून २७ हाडं. एका पावलात, घोट्यापासून बोटांपर्यंत, २६. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं धरली तर १०६. निम्म्याहून जास्त हाडं कामाच्या टोकांना आहेत! सुई धरायला, तार वाकवायला, खडकाळ बांधावर तोल सांभाळायला बारीक बारीक सांधे लागतात. मांडीत मात्र एकच हाड, कारण तिथे वजन पेलायचं आहे. कण्यात मानेचे ७ मणके, छातीचे १२, कमरेचे ५. छातीचे बाराच का? बरगड्यांच्या जोड्या १२ आहेत आणि प्रत्येक जोडीला एक मणका. कमरेचे मणके सर्वांत धिप्पाड का? वरचा सगळा भार तिथे उतरतो, म्हणून पोती उचलणाऱ्याची कंबर धरते ती याच ठिकाणी. कॉलेजात हाडांची पेटी असते. ट्यूटरना विचारून ती उघड आणि एकेक हाड हातात घेऊन डोळे मिटून ओळख.

शरीरक्रियाशास्त्राला वेगळी पद्धत लागते. तिथे एक घटना घ्यायची आणि तिच्यामागे धडे ओढत आणायचे. तुझ्या घरची घटना घेऊ. एप्रिलमध्ये हळद शिजवायचं काम चाललंय, वर ४१ अंशांचं ऊन, बाजूला वाफेची कढई, आई सकाळपासून तांब्याभर पाण्यावर. आत काय चाललंय? तापलेलं रक्त कातडीकडे वळतं, म्हणून चेहरा लाल. घाम सुटतो. घाम नुसता गळून गेला तर उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तेच हे. दमट दिवशी माठातलं पाणी कोमटच राहतं आणि माणसाचीही तशीच काहिली होते. इथपर्यंत त्वचेचा धडा झाला. आता घामाने पाणी गेलं, रक्त जरा दाट झालं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तो तहान लावतो आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून एडीएच हे संप्रेरक सोडायला लावतो. हा ग्रंथींचा धडा. एडीएच मूत्रपिंडाला सांगतं, पाणी सोडू नकोस. लघवी थोडी आणि गडद पिवळी. हा मूत्रसंस्थेचा. रक्ताचं आकारमान घटलं म्हणून हृदय ठोके वाढवून दाब सांभाळतं. हा रक्ताभिसरणाचा. एका दुपारीत चार धडे. आणि ही साखळी तुटली की काय होतं? अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस असंबद्ध बोलतो, शुद्ध हरपते. हा उष्माघात, इथे तोंडाने पाणी पाजत बसायचं नाही, सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा.

मूत्रपिंडाबद्दल एक जास्तीची गोष्ट सांगतो, कारण तिथे मुली अडकतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर पाणी गाळतात; दिवसाचे १८० लिटर. लघवी मात्र दीड लिटर. बाकीचं कुठे गेलं? परत घेतलं. ज्वारी निवडताना आपण खडे वेचून टाकतो. मूत्रपिंड उलटं करतं : अख्खं पोतं ओसरीवर ओततं, कामाचे दाणे वेचून परत पोत्यात भरतं आणि उरलेलं झाडून टाकतं. नेफ्रॉनचा, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या बारीक नळीचा, प्रत्येक वळसा कुठले दाणे वेचतो एवढंच मग शिकायचं असतं. ग्लुकोज पहिल्याच वळशात सगळं उचललं जातं. मधुमेहात ते इतकं येतं की वेचणारे हात अपुरे पडतात आणि साखर लघवीत उतरते.

आता दिवस कसा बसवायचा. रात्री एकपर्यंत जागणं आजपासून बंद, कारण दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत; सात तास हवेतच. संध्याकाळी दीड तास पुरे, पण तो असा : पहिली २० मिनिटं कालचं वाचलेलं, पुस्तक न उघडता, कोऱ्या कागदावर आठवून लिही. किती कमी आठवतं हे बघून पहिले चार दिवस रडू येईल. येऊ दे, पण पान उलटू नकोस. मग ४० मिनिटांत नवी दोन-तीन पानं, प्रत्येक अवयवाला चार प्रश्न विचारत : कुठे आहे, कशाचा बनलाय, काय करतो, बिघडला तर माणसात काय दिसतं. मग २० मिनिटं न बघता आकृती. शेवटची १० मिनिटं कुणाला तरी मराठीत समजावून सांग. गावाकडे फोन लावून आईला मूत्रपिंड सांगितलंस तरी चालेल, तिने "मग घाम आल्यावर लघवी कमी का?" असं विचारलं आणि तुला सांगता आलं, तर तो धडा झाला. नवे शब्द दिवसाला आठ, जास्त नाही. रविवारी नवीन काही नको, आठवड्याचंच परत. आणि गाइड घेतलंस तर ते फक्त जुन्या प्रश्नांसाठी वापर. त्यातली उत्तरं तुटक असतात आणि दोन वाक्यांच्या मधलं 'म्हणून' तेवढंच गाळलेलं असतं.

वह्या भरणं थांबव. बघून उतरवताना हात शिकतो, डोकं झोपलेलं असतं.

राहता राहिला सोडण्याचा प्रश्न. चुलते चुकीचं सांगतात असं मी म्हणणार नाही, बी.ए. करणं काही कमीपणाचं नाही. पण पहिल्या चाचणीतले ११ गुण हे तुझ्या जुन्या पद्धतीला मिळालेत. नव्या पद्धतीची चाचणी अजून झालेलीच नाही. तिला सहा आठवडे दे. या काळात २९० च्या आसपास शब्द होतील आणि शरीरातल्या चार-पाच संस्था. मग जुना पेपर घेऊन तीन तास बसून सोडव आणि ट्यूटरकडून तपासून घे. ३५-४० टक्क्यांच्या पुढे गेलीस तर राहा, कारण पुढे चढणच आहे. तसूभरही हलली नाहीस तर एक प्रश्न स्वतःला विचार, जो पत्रात तू विचारला नाहीस : तुला वॉर्डात जायला आवडतं का? रुग्णाची जखम, उलटी, रात्रपाळी, नातेवाइकांची बोलणी हे सगळं नकोसंच वाटत असेल, तर गुण चांगले पडले तरी हा धंदा तुझा नाही. तसं असेल तर लवकर निघणं शहाणपणाचं. पण वॉर्ड आवडतो आणि फक्त पेपर नडतो, एवढ्यासाठी निघू नकोस. पेपर परत देता येतो.

उत्तरं कुठल्या भाषेत लिहायची मुभा आहे, हे वर्गातल्या मुलींना न विचारता ट्यूटरना विचार. आणि निघायचा विचार पक्का होण्याआधी कार्यालयात जाऊन दोन गोष्टी लेखी मागून घे : जमा केलेले मूळ दाखले किती दिवसांत परत मिळतात आणि भरलेल्या फीपैकी किती परत मिळते. तोंडी उत्तरावर गावाची गाडी पकडू नकोस.